बुडत्या कंपनीतली उजवी खुर्ची

माझ्या भाचीला घरात सगळे कासव म्हणत. नाव तिच्या आईनेच, म्हणजे माझ्या ताईने ठेवलेलं. पोरगी दूध प्यायला बसली की दुधावर साय धरायची, ती साय सुकायची, तरी पेला अर्धा भरलेलाच. शाळेतून घरी यायला तिला बाकीच्या मुलांच्या दुप्पट वेळ लागे, कारण वाटेत जे दिसेल ते थांबून बघायचं. काही विचारलं की लगेच उत्तर नाही. ताई कावून म्हणायची, "अगं, जेवणार आहेस का एवढंच विचारलं, लग्नाला होकार देतेस का असं नाही विचारलं!" त्यावर ही मान वर करून शांतपणे बघायची आणि म्हणायची, "विचार करतेय."

ही मुलगी वैमानिक झाली. आमच्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना अजून ती थट्टाच वाटते.

मी ते सगळं जवळून पाहिलं, कारण विमान शिकवणारा क्लब आमच्या गावाच्या टोकाला होता आणि ती राहायला माझ्याकडे आली होती. माझं चष्म्याचं दुकान आहे. खाली दुकान, वर दोन खोल्या. मी सडाफटिंग माणूस, त्यामुळे मागची खोली तिला सहज देता आली. क्लबची धावपट्टी आमच्या घरातून दिसत नसे, पण तिथून उडालेलं विमान आमच्या छपरावरून वळायचं. ती पहिल्यांदा एकटी उडाली त्या सकाळी मी एका गिऱ्हाइकाचे डोळे तपासत होतो. घरघर ऐकू आली तशी मी त्यांना "खालची ओळ वाचा" म्हणालो आणि स्वतः रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. गिऱ्हाईक तपासणीची जड फ्रेम नाकावर तशीच ठेवून माझ्या मागोमाग बाहेर आलं. वर बघत विचारलं, "काय दिसतंय हो?"

मी म्हटलं, "भाची."

परवाना मिळाला, पण नेमकी तेव्हा मोठ्या विमान कंपन्यांची भरती थंडावली होती. म्हणून ती क्लबमध्येच शिकवायला लागली. नवशिक्याला शेजारी बसवायचं, उडायचं, पाण्याच्या टाकीवरून डावीकडे वळायचं, वीटभट्ट्यांवरून पुन्हा डावीकडे, आणि उतरायचं. वर्षानुवर्षं तीच टाकी, त्याच भट्ट्या. पुढे भरती सुरू झाली तशी तिने शिकवलेली मुलं भराभर मोठ्या कंपन्यांत गेली. दोनदा तिलाही बोलावणं आलं. पहिल्या वेळी ती विचार करत राहिली आणि जागा भरली. दुसऱ्या वेळी तिने लगेच होकार दिला, तर कंपनीनेच भरती रद्द केली. "म्हणजे घाई करूनही काही फायदा नसतो," एवढंच ती म्हणाली आणि ताटातला घास शांतपणे चावत बसली.

"शिष्य उडून गेले आणि मास्तरीणबाई घिरट्या घालतायत," ताई फोनवर म्हणायची. आवाजात चेष्टा असे, पण चेष्टेच्या खाली काळजी असे.

कासवाची पस्तिशी जवळ आली तेव्हा एकाच आठवड्यात दोन नोकऱ्या चालून आल्या. एक होती वैमानिकांना वर्गात विषय शिकवणाऱ्या एका मोठ्या संस्थेत. हवामान, नकाशे, इंजिन, सगळ्या विभागाची प्रमुख म्हणून. स्वतःची खोली, दारावर नाव, महिन्याच्या महिन्याला पगार. उडायचं मात्र नाही. दुसरी होती एका छोट्या विमान कंपनीत को-पायलटची, म्हणजे कॉकपिटमधली उजवी खुर्ची. डोंगरातल्या गावांना पंख्यांची छोटी विमानं सोडणारी ही कंपनी. लोक तिला 'रामभरोसे' म्हणत. कागदोपत्री तिच्याकडे पाच विमानं होती, उडणारी तीन. उरलेली दोन मैदानाच्या कडेला इंजिनं काढलेल्या अवस्थेत उभी होती आणि त्यांच्या पोकळ्यांत चिमण्यांनी बिऱ्हाडं थाटली होती. पगार उशिरा होत. ज्यांना दुसरीकडे जागा मिळत होती ते जात होते, आणि ते जात होते म्हणूनच हिला बोलावणं आलं होतं.

ताई दुसऱ्याच दिवशी बस पकडून आली. पिशवी खाली ठेवायच्या आत सुरू झाली, "बुडत्याचा पाय खोलात, आणि तू तोच पाय धरून लोंबकळायला निघालीस!"

"विचार करतेय, आई."

"यात विचार करण्यासारखं आहे काय? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं याला दुसरं काय म्हणतात?"

"ती खुर्ची हलत नाही," कासव म्हणाली.

"कुठली खुर्ची?"

"वर्गातली."

ताईने माझ्याकडे पाहिलं. "तू काही बोलणार आहेस, की नुसत्या फ्रेमा पुसत बसणार आहेस?"

मी फ्रेमा पुसत होतो. ताई बोलली की ताईचं पटे. मग कासव खिडकीशी जाऊन वर बघत उभी राही, की तिचं पटे. मी म्हटलं, "ताई, चहा टाकू का?" त्यावर ताईने जो कपाळाला हात लावला तो चहा होईपर्यंत काढला नाही.

कासवाने त्या कंपनीला कळवलं की आधी येऊन बघते, मग सांगते. मला म्हणाली, "मामा, तूही चल. तुला डोळे बघून कळतं."

"नंबर कळतो गं. माणूस नाही कळत."

"तेवढं पुरे."

कंपनीचं कार्यालय विमानतळाच्या जुन्या इमारतीत मागच्या अंगाला होतं. आत एकाआड एक दिवे बंद. भिंतीवर मोठा नकाशा, त्यावर गावागावांत टाचण्या आणि टाचण्यांना जोडणारे लाल धागे. काही धागे काढून टाकलेले होते, टाचण्या तशाच राहिल्या होत्या. खिडकीतून येणारं पिवळं ऊन त्या टाचण्यांवर पडलं होतं आणि त्या उगाचच चमकत होत्या. पलीकडे काउंटरवर एक बाई तिकिटं देत होती. तिनेच आम्हाला चहा आणून दिला, तिनेच प्रवाशांच्या पिशव्या काट्यावर ठेवल्या, मग नारिंगी जाकीट चढवून बाहेर गेली आणि दोन्ही हात हलवत उतरलेलं विमान जागेवर आणलं. परत येऊन धापा टाकत म्हणाली, "विमान तेवढं मला चालवायला देत नाहीत. तेही देतील, बघा."

मुख्य कॅप्टनला तिथे सगळे आजोबा म्हणत. केस पांढरेशुभ्र, खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या धुऊन धुऊन फिकट झालेल्या. निवृत्तीला फार वर्षं राहिली नव्हती. त्यांनी कासवाला पगार, सुट्ट्या, गणवेश सगळं भराभर सांगितलं आणि विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?"

कासव गप्प. आजोबा वाट बघत राहिले. मी खोकलो. बाहेर कुठेतरी पंखा सुरू होऊन बंद झाला. मग ती म्हणाली, "तुम्ही कधी उडायला नकार दिलाय?"

आजोबांनी बिस्किटाचा पुडा बाजूला सारला. "दिलाय की. गेल्याच हिवाळ्यात. ब्रेकचं तेल गळत होतं. प्रवासी आत बसलेले, आणि त्यांच्यात आमचे मालकही."

"मग?"

"मग प्रवाशांनी शिव्या दिल्या. मालक उतरले आणि चालत निघून गेले. बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नंतर एकदा स्वतःच येऊन बसले इथे, तुम्ही बसलाय त्या खुर्चीत. म्हणाले, पगार मी उशिरा देईन, पण तेल गळत असेल तर उडू नका." आजोबांनी पुडा पुन्हा जवळ ओढला. "माणूस बरा आहे. धंदा बरा नाही. ही कंपनी किती दिवस चालेल ते मी सांगू शकत नाही, आणि कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. विमान उडतं तेव्हा ते नीट उडतं, एवढं मात्र माझ्या शब्दावर घ्या."

मग ते उठले. "चला, पुढच्या फेरीला जागा आहेत. बघून या."

कासव कॉकपिटमध्ये वैमानिकांच्या मागच्या घडीच्या खुर्चीवर बसली आणि मी प्रवाशांत. माझ्या शेजारी एक म्हातारी मांडीवर रोपट्याची कुंडी घेऊन बसली होती. पुढे हाताला प्लास्टर घातलेला माणूस, त्याच्यापुढे पेंगणारं एक जोडपं. विमान थरथरत उठलं. थोडा वेळ खाली शेतं, पत्रे, रस्ते दिसले आणि मग सगळं पांढरं झालं. ढगात शिरल्यावर आपण पुढे चाललोय की एका जागी तरंगतोय हेच कळेना. पंख्यांचा आवाज कापसात गुंडाळल्यासारखा येत होता. म्हातारीच्या रोपट्याची पानं बारीक थरथरत होती. मला वाटलं, आपण झोपलोय आणि हे स्वप्नात चाललंय. आणि एकदम वर आलो. वर ऊन होतं. खाली ढगांचं मैदान पसरलेलं, त्यातून डोंगरांची निळी टोकं तेवढी वर आलेली, बेटांसारखी. आमच्या विमानाची इवलीशी सावली ढगांवरून धावत होती आणि तिच्याभोवती रंगीत कडं होतं. म्हातारीने मला कोपराने ढोसलं आणि सावलीकडे बोट दाखवलं. दर वेळी दाखवत असावी, इतक्या हक्काने.

त्यातल्या दोन टोकांमधून विमान खाली उतरलं. पट्टी म्हणजे डोंगराच्या कुशीत कोणी पट्टा पसरून ठेवावा तशी. दार उघडलं तशी थंड, ओल्या गवताच्या वासाची हवा आत आली. लोक उतरून चालू लागले. प्लास्टरवाल्याला न्यायला त्याची बायको आली होती. विमानाजवळ उभं राहून कासव बराच वेळ त्या सगळ्यांकडे बघत होती.

तिने कधीपर्यंत कळवायचं ते ठरलं होतं. तो दिवस उजाडला तरी आमच्याकडे तळ्यात मळ्यात चालूच. दुपारी ती माझ्यासोबत दुकानात काचा घासायला बसली. हे काम तिला छान जमे, कारण त्यात घाई केली की काच तडकते. बऱ्याच वेळाने चाक थांबवून ती म्हणाली, "मामा, मी तिकडे जाते."

"रामभरोसेकडे?"

"हो. कंपनी बुडेल, मला माहितेय. पण तोवर उडालेले तास माझेच राहणार ना, ते कोणी परत मागणार नाही." तिने काच उजेडात धरली. "आणि खरं सांगू का? क्लबात मी जिथून उडते तिथेच उतरते. इतकी वर्षं उडतेय आणि कुठेच गेले नाही. त्या दिवशी लोक उतरून घरी गेले ते बघून मला कसंतरीच झालं."

"ताईला कोण सांगणार?"

"तू," ती म्हणाली. या एका प्रश्नाला मात्र तिने लगेच उत्तर दिलं.

ताईने फोन ठेवून दिला. महिनाभर ती माझ्याशी हवापाण्याच्या पलीकडे बोलली नाही.

पुढचे महिने मला अजून धुक्यातून आठवावेत तसे आठवतात. कासव पहाटे उठून गणवेशाला इस्त्री करायची. तिच्या इस्त्रीची वाफ जिन्यातून खाली दुकानापर्यंत यायची. सकाळी जायची, दुपार कलली की परत. पगार खरोखरच उशिरा व्हायचा, कधी अर्धाच व्हायचा. पण ती बदलली. पूर्वी जेवताना गप्प असायची, आता सांगू लागली. डोंगराच्या मागून सूर्य येतो तेव्हा धावपट्टी आधी गुलाबी होते, मग राखाडी. एका गावची माणसं विमान आल्यावर शेतातली कामं थांबवून बघतात, अजून. एका प्रवाशाला भीती वाटली म्हणून आजोबांनी उतरल्यावर त्याला कॉकपिटमध्ये बसवून सगळी बटणं दाखवली, आणि तो म्हणाला, एवढी बटणं आहेत हे कळल्यावर तर आणखीच भीती वाटायला लागली. हे सांगताना ती हसायची आणि तिचा भात ताटात गार व्हायचा.

मग ती धुक्याची सकाळ आली. ही गोष्ट मला आधी तिच्याकडून कळली, मग आजोबांकडून, आणि दोघांनी ती शब्दशः सारखीच सांगितली.

डोंगरातल्या त्याच पट्टीवर उतरायचं होतं. विमानात दुसऱ्या एका डोंगरगावातून घेतलेला आजारी माणूस होता, त्याला तिथल्या दवाखान्यात न्यायचं होतं, आणि त्याचा मुलगा दर थोड्या वेळाने विचारत होता, किती राहिलं. खाली ढग. एके ठिकाणी ढगाला भोक पडलं होतं. आजोबांनी विमान त्या बाजूला वळवलं. खाली उतरू लागले.

"पट्टी दिसली," आजोबा म्हणाले.

कासव पुढे वाकून बघत राहिली. "सर, मला दिसत नाही."

"ती काय, समोर."

कोणालाही वाटेल, हा माणूस इतकी वर्षं या डोंगरांत उडतोय, याला दिसली म्हणजे असणार. कासवालाही वाटलं, हे तिनेच मला सांगितलं. पण तिने स्वतःला विचारलं की मला दिसतेय का, आणि उत्तर आलं, नाही. मग ती त्याच शांत आवाजात म्हणाली, "मला दिसत नाही, सर. वर जाऊ या."

त्यांच्यात नियम असा की दोघांपैकी एक जण वर जाऊ म्हणाला की वाद घालायचा नाही, वर जायचं. आजोबांनी क्षणाचाही उशीर न लावता इंजिनांना पूर्ण जोर दिला आणि विमान वर उचललं. ते परत फिरले. आजारी माणसाला गाडीने, लांबच्या रस्त्याने न्यावं लागलं. त्याचा मुलगा कासवाला वाटेल ते बोलला. ती ऐकून घेत उभी राहिली. तो माणूस पुढे बरा झाला, पण हे त्या दिवशी कोणालाच माहीत नव्हतं, आणि घरी आल्यावर ती काही न खाता खिडकीशी बसून राहिली.

धुकं निवळल्यावर दुसऱ्या फेरीत आजोबांनी मुद्दाम त्या जागेवरून विमान नेलं. ढगाच्या भोकातून त्यांना जी दिसली होती ती पट्टी नव्हती. ओला, चमकणारा रस्ता होता. दोन्ही बाजूंना झाडं असलेला.

त्यानंतर एका सकाळी आजोबा माझ्या दुकानात आले. "डोळे तपासा," म्हणाले.

मी तपासले. लांबचं, जवळचं, रंग, बाजूची नजर. एकदा झालं तर म्हणाले पुन्हा तपासा. मी पुन्हा तपासले. "डोळे ठणठणीत आहेत हो. माझ्यापेक्षा बरे."

ते खुर्चीतून उठेनात. समोरच्या तक्त्यावरच्या अक्षरांकडे बघत म्हणाले, "तेच नको होतं मला. डोळ्यांत दोष निघाला असता तर चष्मा लावला असता. तो माणूस आजारी होता, मला उतरायचं होतं, म्हणून मला पट्टी दिसली." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमची भाची दिसतं तेवढंच बघते. असली माणसं फार नसतात. तिला सांगू नका, नाहीतर विचार करत बसेल."

मी सांगितलं नाही. पण कंपनीत त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं, मालकांनाही. चूक माझी होती, वाचलो हिच्यामुळे, असं. त्यानंतर तिथे तिला कोणी कासव म्हणालं असतं तर त्याला आजोबांनी हाकललं असतं.

कंपनीचं जे व्हायचं ते होतच होतं. नकाशावरचे आणखी धागे निघाले. काउंटरवरची बाई एका शाळेत कारकून म्हणून गेली, तिचं नारिंगी जाकीट खुंटीवरच राहिलं. तीन विमानांची दोन झाली, दोनाचं एक. मग एके दिवशी मालकांनी उरलेल्या सगळ्यांना बोलावलं, आणि कंपनी बंद होतेय असं उभ्यानेच सांगितलं. कोणी भांडलं नाही. जे भांडणारे होते ते आधीच गेले होते.

शेवटचं विमान ज्यांच्याकडून भाड्याने घेतलं होतं त्यांच्या विमानतळावर नेऊन द्यायचं होतं. आजोबा आणि कासव निघाले. मागे एकही प्रवासी नाही. उडण्याआधी आजोबा उजव्या खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, "पोरी, आज तू डावीकडे बस." डावी खुर्ची कॅप्टनची असते.

त्या उड्डाणाबद्दल तिने मला फार सांगितलं नाही. म्हणाली, ढग इतके शांत होते की विमान आपोआप चाललंय असं वाटत होतं. रिकाम्या खुर्च्यांवरून ऊन एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकत गेलं. आजोबांनी वाटेतले डोंगर एकेक करून दाखवले, नावानिशी, जणू नातेवाइकांची ओळख करून देताहेत. मध्येच आजोबा म्हणाले, "थोडं सावकाश गेलं तरी चालेल," आणि तिने इंजिनांचा जोर जरासा कमी केला. उतरल्यावर दोघांनी चाकांखाली ठोकळे लावले, इंजिनांवर कापडी टोप्या चढवल्या, किल्ल्या दिल्या.

परतीला तिकीट कोणी काढून दिलं नव्हतं. दोघं गणवेशातच बसने आले. बसमध्ये जागा नव्हती. कंडक्टरने त्यांच्या खांद्यांवरच्या पट्ट्या बघितल्या आणि विचारलं, "काय साहेब, विमान चुकलं का?" आजोबा म्हणाले, "हो, थोडक्यात." आणि मग दोघांना जे हसू फुटलं ते कासव सांगते की उतरेपर्यंत थांबलं नाही, आजोबांच्या तर डोळ्यांना पाणी आलं, आणि ते हसण्याचंच होतं की कसलं, ते तिने विचारलं नाही.

त्यानंतरचे महिने कठीण गेले. संस्थेतली ती न हलणारी खुर्ची कधीच भरली होती. ताई म्हणाली, "मी सांगितलं होतं." एकदाच म्हणाली, पण ते वर्षभर पुरेल असं म्हणाली. कासव माझ्या दुकानात काचा घासायची आणि दुपारी बाकावर आडवी होऊन छताकडे बघायची. ती पस्तावली का? एका संध्याकाळी शटर ओढताना मी विचारूनच टाकलं. ती म्हणाली, "पगाराच्या दिवशी पस्तावते, मामा. बाकीचे दिवस नाही." आणि शटरचं दुसरं टोक धरून खाली ओढलं.

पुढे काय झालं ते साधंच आहे. दुसऱ्या एका कंपनीने त्याच बनावटीची विमानं आणली. ती विमानं डोंगरात उडवलेली माणसं त्यांना हवी होती, आणि तशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. मुलाखतीत तिला विचारलं, बुडणार हे दिसत असताना त्या कंपनीत गेलात कशाला? ती इतका वेळ गप्प राहिली की एकाने पाण्याचा पेला पुढे केला. मग म्हणाली, "तिथे उडायला मिळत होतं. आणि उडू नये तेव्हा नाही म्हणता येत होतं." त्यांनी आजोबांना फोन केला. आजोबा काय म्हणाले ते मला ठाऊक नाही, पण नोकरी मिळाली.

ही कंपनी मोठी आहे, पगार वेळेवर होतो, आणि कासव म्हणते की इथे कोणी कोणाला फारसं ओळखत नाही. ती आता दूर राहते. काही वर्षांनी डाव्या खुर्चीत बसू लागली. मागची खोली मी अजून कोणाला दिलेली नाही. इस्त्री मात्र मी वापरतो.

ताई तिच्या विमानात बसायला बरेच दिवस तयार नव्हती. "मला जमिनीवर बरं आहे," म्हणायची. शेवटी गेल्या वर्षी मी दोन तिकिटं काढली आणि तिला जवळजवळ ओढतच नेलं. आत बसल्यावर तिने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि डोळे मिटले. मग भोंग्यातून कासवाचा आवाज आला, तोच सावकाश, शब्द मोजून टाकणारा. तिने हवा कशी आहे ते सांगितलं, वाटेत थोडे धक्के बसतील म्हणाली. ताई कान देऊन ऐकत होती. "अजून तशीच बोलते बघ," पुटपुटली. "एका वाक्याला अर्धा दिवस."

विमान उठलं. ढगात शिरलं, तेव्हा ताईची नखं माझ्या मनगटात रुतली होती. वर आलो आणि खिडकीतून ऊन तिच्या मांडीवर पडलं, तशी पकड सैल झाली. मी ढगांवरची सावली दाखवायला वळलो, तर ताई झोपली होती. मान एका बाजूला, तोंड जरासं उघडं, माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून. धक्के आले, गेले. मी तिला उठवलं नाही.